करवत, हातोडी आणि एक गुडघा

"आज पेटी मी स्वतः नेणार," असं वाफेसाहेबांनी जाहीर केलं आणि निर्जंतुकीकरण विभागातली तिन्ही माणसं काही काम नसताना एकदम कामाला लागली. साहेब चिडले की तिथे असंच व्हायचं.

कारणही तसंच होतं. ऑपरेशनची हत्यारं धुऊन, गुंडाळून, वाफेवर निर्जंतुक करण्यात त्यांची बावीस वर्षं गेली होती. खरं नाव केव्हाच मागे पडलं होतं. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या छोट्या हॉस्पिटलातलं वाफेचं यंत्र बंद पडल्यापासून तिथली हत्यारंही या मोठ्या हॉस्पिटलातूनच तयार होऊन जात. आणि काल तिथल्या थिएटरच्या सिस्टरचा फोन आला होता. "साहेब, आजच्या पुडक्याचा कोपरा ओलसर लागला. परत पाठवतेय."

ओल! गुंडाळलेलं कापड ओलं झालं की जंतू आत शिरलेच म्हणून समजायचं. वाफेसाहेबांना जेवण गेलं नाही. बायको म्हणाली, "अहो, कोपराच ओला झालाय ना? घर तर वाहून गेलं नाही?" त्यावर त्यांनी तिच्याकडे असं पाहिलं की तिने मुकाट्याने ताट उचललं.

सकाळी त्यांनी गुडघ्याचा सेट स्वतः बांधला. दुहेरी कापड, वाफ लागली की काळी पडणारी पट्टी, पूर्ण थंड आणि कोरडा झाल्यावर झाकणाची पेटी, वर नंबराचं सील. गाडी चालवायला त्यांचा मेहुणा होता.

"दाजी, मी रोज नेतोच की."

"तू नेतोस म्हणूनच मी येतोय. हळू चालव. खिडकी बंद. गाणी बंद."

"श्वास घेऊ का?"

"तिकडे तोंड करून घे."

ऑपरेशन अकराला होतं. दहाला निघालेली गाडी नव्या नवरीसारखी जपून चालली होती. वाफेसाहेब मागे बसून दोन्ही हातांनी पेटी धरून होते. सायकलवाले त्यांना मागे टाकून जात होते. सव्वादहाला मोठ्या चौकात गाडी थांबली. कुणी बडे पाहुणे येणार म्हणून पोलीस एकेक गाडी तपासत होते. हवालदाराने मागचं दार उघडलं.

"पेटीत काय आहे?"

वाफेसाहेब आयुष्यात खोटं बोलले नव्हते. "करवत, हातोडी, दोन छिन्न्या आणि एक गुडघा."

हवालदार दोन पावलं मागे सरकला. "कुणाचा गुडघा?"

"अजून कुणाचाच नाही. अकरा वाजता एका बाईंना बसवायचाय."

"आणि बाईंचा स्वतःचा?"

"तो काढून टाकायचा. त्यासाठीच तर करवत."

हवालदाराने शिट्टी फुंकली. चार पोलीस धावत आले. एकाने पेटीवरून धातू शोधायचं यंत्र फिरवलं, तर ते शेपटीवर पाय पडलेल्या मांजरासारखं किंचाळलं. "उघडा," हवालदार म्हणाला.

"उघडली की मेली."

"कोण मेली?"

"पेटी! म्हणजे आतलं सगळं वाया. वाटेत सील तुटलं की मी ती थिएटरात नेऊच शकत नाही." असं म्हणून वाफेसाहेब पेटीवर पालथे पडले. मेहुणा पुढून ओरडला, "साहेब, त्यांना हलवू नका, ते मनाने हळवे आहेत," आणि प्रकरण आणखी बिघडलं.

दहा वाजून पस्तीस मिनिटांनी अधिकारी आले. त्यांनी शांतपणे विचारलं, "कुणाला फोन लावू?" वाफेसाहेबांनी नंबर सांगितला. पलीकडून सिस्टरचा आवाज सगळ्या चौकाला ऐकू गेला. "कोण पोलीस? मला पोलीस नकोत, गुडघा पाठवा! डॉक्टर आल्या, पेशंट दारात येऊन पडलाय, सेट आल्याशिवाय भूल देता येत नाही. आहे कुठे तो माणूस?"

"पेटीवर झोपलाय," अधिकारी म्हणाले.

पुढचं सगळं वाऱ्यासारखं झालं. पुढे भोंगा वाजवत पोलिसांची मोटरसायकल, मागे हॉस्पिटलची गाडी. मेहुण्याने आयुष्यात पहिल्यांदा लाल सिग्नल राजरोस तोडला आणि तो चक्क गुणगुणू लागला. वळणावर वाफेसाहेब पेटीसकट इकडून तिकडे घसरत होते, पण पेटी तिरकी होऊ दिली नाही. अकराला पाच मिनिटं कमी असताना त्यांनी पेटी सिस्टरसमोर ठेवली.

थिएटरच्या दारात पेशंट पडून होत्या. निवृत्त खेळाच्या शिक्षिका. त्यांचं ऑपरेशन आधी दोनदा पुढे ढकललं गेलं होतं. त्यांनी मान वळवून घड्याळ पाहिलं आणि म्हटलं, "वेळेवर आलात. बरं वाटलं."

सिस्टरने नंबर ताडून सील तोडलं. "आलाच आहात तर कपडे बदला, टोपी-मास्क लावा आणि ओल आहे की नाही ते स्वतःच बघा."

वाफेसाहेबांना स्वर्ग दोन बोटं उरला. आत सिस्टरने हातमोजे घालून एकेक पदर उलगडला. कापड खडखडीत, पट्टी काळीभोर, हत्यारं आरशासारखी. "मानलं," ती म्हणाली आणि डॉक्टरांना गाऊन द्यायला पाठमोरी झाली.

"मानलं काय, हा कोपरा बघा ना, इथला," असं म्हणत वाफेसाहेबांनी कोपरा दाखवला. दाखवताना त्यांचं उघडं बोट हातोडीच्या दांड्यावर टेकलं.

ते तिथेच गोठले. बोटाकडे पाहिलं. सिस्टरची पाठ होती, डॉक्टर हात वर धरून उभ्या होत्या, कुणीही पाहिलं नव्हतं. पाव सेकंदाचा स्पर्श. घरून निघताना, गाडीत बसताना, पेटी उचलताना, किती वेळा हात धुतले होते त्यांनी. कुणाला काय कळणार होतं? दारातून खेळाच्या बाईंचा पांढरा अंबाडा दिसत होता.

"सिस्टर," ते म्हणाले, "मी बोट लावलं."

मग सिस्टरने डोळे मिटले, डॉक्टरांनी हात खाली घेतले आणि ऑपरेशन तिसऱ्यांदा पुढे गेलं. आता दुपारी तीनला.

सेट त्याच गाडीने परत गेला. चौकातल्या हवालदाराने सलाम ठोकून विचारलं, "बसला का गुडघा?" वाफेसाहेबांनी खिडकीची काच वर केली. विभागात त्यांनी सगळं पुन्हा धुतलं, वाळवलं, बांधलं, वाफ दिली, थंड होईपर्यंत त्याच्याकडे पाहत बसले. या वेळी पेटी त्यांनी मेहुण्याच्या एकट्याच्या हाती दिली.

संध्याकाळी सिस्टरचा फोन आला. "गुडघा छान बसला. बाई शुद्धीवर आल्यात. उशीर का झाला ते मी त्यांना सांगितलंय."

"सगळं?"

"सगळं. कुणी पाहिलं नव्हतं तरी तुम्ही होऊन सांगितलंत, हेही सांगितलं."

"मग काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, माणूस सरळ आहे. पण पुढच्या वेळी त्याला हाताची घडी घालून भिंतीकडे तोंड करून उभा करा."