दौडीचा वेग कोणीं ठरविला त्याची हकीकत

श्री. सत्यास नमन, आणि सत्य लिहून ज्याची मान शाबूत राहिली त्यास दोन वेळां नमन. शके सोळाशें नव्वद, सर्वधारी नाम संवत्सर, वैशाख शुद्ध पंचमी. दरबारच्या सज्जांत तक्क्यास टेकून जे थोर दुसऱ्याच्या पायांचा वेग ठरवितात, त्यांणीं गत सालीं सिदोजी जासूद मारिला. तरवारीनें नाहीं, विषानें नाहीं, नगाऱ्यानें मारिला. आणि मारून वर दप्तरीं लिहिलें कीं तो आपल्याच दोषें मेला. कोणास राग येईल तर येवो. घडलें तैसें लिहिलें आहे.

कोणे एके राज्यीं ऐसी रीत होती कीं सालोसाल चैत्रमासीं हुजूरचीं पत्रें धावत पोंचविणारे जासूद नगरदरवाजापासून नदीच्या उतारापर्यंत तेरा कोस एका दमांत धावत, आणि जो पहिला पोंचेल त्याचा एक अर्ज, कैसाही असो, भर दरबारीं ऐकून पुरा करावा, ऐसी थोरल्या महाराजांची आण होती. मग थोरले महाराज कैलासवासी जाहले आणि धाकटे गादीवर विराजले, आणि त्यांस सज्जासमोरून संथ जाणारे जासूद पाहून जांभया येऊं लागल्या. त्यावरून एका खुशमस्कऱ्यानें तोड काढिली कीं सांडणीवर नगारा चढवावा, पहिले तीन कोस सांडणी दौडवावी, आणि जो सांडणीच्या मागें पडेल त्याचें नांव तेथेंच कमी करावें. हुजुरांनीं मान डोलाविली, खुशमस्कऱ्याच्या हातांत सोन्याचें कडें घातलें, आणि त्यासच दौडनवीस नेमिलें. या दौडनविसानें उभ्या जन्मांत पालखीवांचून देवदर्शन केलें नव्हतें. आतां जासुदांची विद्या ऐसी कीं प्रत्येकाच्या हातीं घुंगुरकाठी असते, आणि झणकार संथ पडले तर ती तेरा कोसांची चाल, दाट पडले तर ती दोन कोसांची, हें त्यांस बापापासून ठाऊक. पाय माणसास फसवितात, अंगांत रग असतां वेग कळत नाहीं, म्हणोन कानानें धावावें. परंतु शेजारीं नगारा धडधडूं लागला म्हणजे घुंगुर कोण ऐकतो? तीन कोस बहिऱ्यासारखे धावावे, आणि सारा दम तेथेंच उधळावा, आणि मग पुढील दहा कोस उसन्या जिवावर काढावे, ऐसें चालू जाहलें. गत सालीं सिदोजी नवव्या कोसास पडला तो उठला नाहीं. दप्तरीं ओळ पडली, “अंगीं दम नसतां हौसेनें धावला, स्वदोषें मेला.” आणि जासुदखान्याचा दंडक ऐसा कीं कामावर मेल्या जासुदाची काठी देवीच्या देवळांत उभी करावी, मात्र स्वदोषें मेला त्याची करूं नये. सबब सिदोजीची काठी वर्षभर घरींच, माजघराच्या कोपऱ्यांत.

सिदोजीचा धाकटा भाऊ लुमाजी, तोही जासूद. त्याणें मनीं धरिलें कीं यंदा पहिला यावें, आणि अर्ज एकच करावा, कीं माझ्या भावाची ती ओळ खोडा. परंतु पहिला यावें कैसें? सांडणीच्या वेगें धावावें तर भावाच्या वाटेनें जावें, आपल्या वेगें धावावें तर तीन कोसांतच नांव कमी व्हावें. अन्न गोड लागेना. मग दौडीस चार दिवस असतां दुपारीं तो गोंदजी नाइकाचे ओसरीवर जाऊन बसला. गोंदजीनें बावीस दौडी केल्या होत्या, आतां गुडघे गेले होते, आणि ते गुडघे तो तेलानें चोळीत होता.

“काका, आरंभीं जोर किती लावूं?”

“लावूंच नको.”

“सांडणी टाकून जाईल.”

“तर शेपटाशीं राहा,” गोंदजी बोलिला. “सगळे सांडणीच्या तोंडापुढें धावतात, सज्जांतून दिसावें म्हणोन. हुकूम काय आहे? मागें पडूं नये. पुढें दिसावें ऐसें कोठें लिहिलें आहे? तूं शेपटाशीं धाव. शेपूट तोंडावर बसेल, बसूं दे. तेवढीच वाऱ्याची सोय.”

“तरी ते तीन कोस माझ्या चालीचे नव्हेत, काका.”

“नव्हेतच. म्हणोन चवथा आणि पांचवा कोस सासुरवाडीहून निघाल्यासारखा धाव, अगदीं पाय ओढीत. सगळे पुढें जातील. लोक हंसतील. नवव्यापर्यंत कोणाकडे पाहूं नको. दहाव्यापासून काय असेल तें काढ.”

लुमाजीनें मान हलविली. इतक्यांत सिदोजीची बायको तानूबाई पाण्याची घागर घेऊन जात होती ती ओसरीपाशीं थांबली. तिणें सारें ऐकिलें होतें.

“आणि नवव्यास पडलांत तर? भावोजी, एक काठी घरांत आहे, दुसरी कोणत्या कोपऱ्यांत ठेवूं तें सांगून जा.”

“वहिनी, ती पहिली देवळांत जावी म्हणोनच धावतों.”

“दप्तर लिहिणारा दौडनवीसच आणि वाचणाराही तोच. तुमच्या घामानें त्याची शाई पुसेल, हें तुम्हांस कोणीं सांगितलें?”

गोंदजी हंसला. “हिला जासुदखान्यांत घेतली असती तर आज नाईक असती.”

“असतें तर पहिल्या दिवशीं नगारा विहिरींत टाकिला असता,” ऐसें बोलून ती गेली. लुमाजीस वाटलें कीं बाई खरें बोलते, आणि खरें असलें तरी न धावतां राहवणार नाहीं.

मग तेथोन उठून तो अंबाजी नगारचीकडे गेला. अंबाजी उन्हांत नगाऱ्याचें कातडें तापवीत बसला होता. लुमाजी बोलिला, “अंबाजीबावा, यंदा हात जरा सैल सोडा.” अंबाजी वर न पाहतां बोलिला, “हात माझा, टिपरी सरकारची. गत सालीं दोन ठोके हळू पडले तर चोबदारानें पाठ सोलून काढिली.” मग थोडका वेळ कातड्यावर बोट वाजवून म्हणाला, “तुझा भाऊ गेला तेव्हांपासून मला जेवण गोड लागत नाहीं.” लुमाजीनें विचारिलें, “मग काय करतां?” तो बोलिला, “काय करतों? अळणी जेवतों.” लुमाजी घरीं आला, आणि मनसुबा कायम जाहला, कीं तीन कोस शेपटाशीं, दोन कोस पाय ओढीत, चार कोस घुंगुरांच्या हुकुमानें, आणि शेवटचे चार आपल्या जिवावर.

मग चैत्र वद्य पंचमीचा दिवस उजाडला. हुजुरांची स्वारी सज्जांत येऊन बसली, दौडनवीस मागें पंखा घेऊन उभे राहिले, आणि एकोणीस जासूद दरवाजापुढें उभे केले. त्यांत दौलोजी म्हणोन एक जवान होता, दोन लेंकरांचा बाप, पायांचा हलका आणि जिभेचा त्याहून हलका. लुमाजी सांडणीच्या मागल्या अंगास उभा राहिला हें पाहून तो ओरडला, “लुमाजीराव, तेथें काय, लेंड्या वेचतां?” सारे खिदळले. लुमाजी जवळ जाऊन हळूच बोलिला, “दौलू, तोंडापुढें धावूं नको. सज्जा एक आहे, कोस तेरा आहेत.” दौलोजी बोलिला, “अहो, सज्जांत दिसलों नाहीं तर पुढें काय बाभळींस दाखवूं?” आणि नगारा झडला, सांडणी उधळली, आणि दौलोजी तिच्या तोंडापुढें दहा हात. हुजूर उठून उभे राहिले, टाळी दिली, “कोण तो पुढें?” म्हणोन पुसिलें, आणि दौडनविसानें नांव सांगितलें. लुमाजी धुरळा खात, शेपटाचे फटके खात, कानांत तो धडधडाट घेऊन धावला, आणि छाती जळूं लागली, तरी हातभर पुढें गेला नाहीं आणि हातभर मागें राहिला नाहीं. पांच जासुदांचीं नांवें तेथेंच कमी जाहलीं. मग तिसऱ्या कोसास सांडणी माघारीं फिरली, नगारा दूर गेला, आणि लुमाजीस आपले घुंगुर ऐकूं आले, तों ते पावसाच्या टपटपीसारखे दाट पडत होते. त्यास भय वाटलें. इतका वेग अंगांत आहे हें त्यास ठाऊकच नव्हतें. मग त्याणें पाय आवरिले. दोन कोस सारे जण त्यास टाकून गेले, वाटेवरच्या बाया हंसल्या, एकीनें “मामा, खाट आणूं?” म्हणोन विचारिलें, आणि तो हूं कीं चूं न करितां धावला. सहाव्या कोसापासून एकेक जण त्यास भेटूं लागला, कोणी पोट धरून बसलेला, कोणी ओकणारा, कोणी उगाच चालणारा. नवव्या कोसास भाऊ जेथें पडला ती जागा आली, तेथें त्याणें मान वळविली नाहीं.

दहाव्या कोसास बाभळीखालीं दौलोजी पडला होता. दोन गुराखी त्यास मुंडाशाच्या पदराचा वारा घालीत होते. अंग तापलेल्या तव्यासारखें, आणि घामाचा टिपूस नाहीं. लुमाजी थांबला, कमरेस बांधलेल्या भोपळ्यांतील पाणी त्याच्या डोक्यावर ओतिलें, मान मांडीवर घेतली. दौलोजीनें डोळे उघडिले.

“सांडणी गेली?”

“केव्हांच गेली, दौलू.”

“मग हा वाजतो कोठें?” ऐसें पुसून त्याणें लुमाजीचा हात ओढून आपल्या छातीवर ठेविला. ठोके मोजतां येत नव्हते. मग ते अडखळले, आणि मग हाताखालीं कांहीं राहिलें नाहीं.

लुमाजीनें त्याचे डोळे मिटविले, गुराख्यांस मढ्यापाशीं बसविलें, आणि उठला. मागोन कोणी येत नव्हतें. थांबावें तर सिदोजीची ओळ तैसीच राहील आणि दौलोजीच्याही नांवें तीच पडेल, ऐसें मनीं आणून तो पुढें धावला, आणि ते तीन कोस कैसे गेले हें त्यास पुढेंही सांगतां आलें नाहीं. नदीचा उतार आला तों तेथें एक नावाडी बसला होता, दुसरें मनुष्य नाहीं.

“दरबारचे लोक कोठें आहेत?”

“हुजुरांचा घोडेस्वार निरोप घेऊन आला, आणि ते केव्हांच डेरा मोडून गेले, बाबा. म्हणाले, काम जाहलें.”

काम जाहलें तें ऐसें. तिसऱ्या कोसाहून सांडणी फिरली तोंच हुजूर भोजनास उठले होते, आणि उठतां उठतां आज्ञा केली कीं तो तोंडापुढला गडी पहिला लिहा, हुजुरांनीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. दुसरे दिवशीं दरबार भरला. दौलोजीच्या बायकोस, तिचें नांव सरजाबाई, पुढें उभी केली आणि मानाचीं वस्त्रें तिच्या हातीं दिलीं. लुमाजी पुढें होऊन बोलिला कीं उतारावर पहिला मी पोंचलों, नावाडी साक्ष आहे. दौडनवीस बोलिले, “नावाडी दरबारचा चाकर नव्हे, त्याचे डोळे दप्तरीं चालत नाहींत. हुकमावांचून तोंड उघडलेंस, तुझें नांव कमी.” आणि मग दप्तर वाचिलें. एकाच पानावर दोन ओळी होत्या. वरली, “दौलोजी दौडींत प्रथम आला.” खालची, “दौलोजी स्वदोषें मेला.” वाचणाऱ्यास जीभ अडखळली नाहीं. मग रीतीप्रमाणें कारकुनानें पुकारिलें, “प्रथम आल्याचा अर्ज काय?” मेलेला काय बोलणार म्हणोन त्याणें लेखणी बुडवून “अर्ज नाहीं” ऐसें लिहावयास घेतलें.

“आहे,” सरजाबाई बोलिली. वस्त्रें तिणें पायांपाशीं ठेविलीं. “ते पहिले आले हें तुम्हींच लिहिलेंत. तर त्यांचा अर्ज मी करितें. मला दुसरें कांहीं नको. दोष त्यांचा म्हणतां, सिदोजीचाही म्हणतां, तर तीन कोस ती सांडणी कोणाच्या हुकमानें दौडत होती, एवढें सांगा.”

दौडनविसानें हुजुरांकडे पाहिलें, हुजुरांनीं पानाच्या तबकाकडे पाहिलें, आणि दरबार बरखास्त जाहला.

एवंच, एका सज्जाच्या हौसेपायीं दोन सालांत दोन जासूद गेले, लुमाजीची चाकरी गेली, आणि पुढील सालच्या दौडीसाठीं नवी सांडणी खरेदी जाहली, ती जुनीहून चपळ आहे. थोरल्या महाराजांची आण अद्याप कोणीं मोडिली नाहीं. अर्ज रीतसर जाहला, भर दरबारीं ऐकिला गेला, पुरा करणें मात्र राहिलें आहे. तरी सज्जांतील थोरांनीं तोंडांतलें पान थुंकून, आपल्या सहीनें उत्तर लिहून द्यावें: वेग तुमचा होता, तर दोष धावणाऱ्याचा कैसा?