मीठ बघणारे हिराजीशेठ

सव्वीस जानेवारी. झेंडावंदनानंतर सोसायटीचं जेवण. वर्गणी घरटी साडेतीनशे रुपये. हजर: कुलूपबंद घरं सोडून सगळी इमारत, सचिव देशमुख, त्यांचे न बोलावलेले साडू आणि बाहेरून आणलेला आचारी. सगळं ठरल्याप्रमाणे होतं. फक्त मिठाची पिशवी जागेवर नव्हती. ती तिसऱ्या मजल्यावरच्या हिराजीशेठच्या झब्ब्याच्या खिशात होती.

"एक मूठ टाकलीन, ती मी टाकू दिली," ते आचाऱ्याकडे बोट दाखवून म्हणाले. "दुसरीला हात घातलान, तवा पिशवी घेतली. मिठाचा मना सांगू नका. मी मिठान जल्मलोय."

हे खरं आहे. त्यांच्या घराची पिढ्यान्‌पिढ्या उरणच्या वाटेवर मिठागरं होती. आता तिथे कंटेनर उभे असतात आणि हिराजीशेठ पनवेलला आमच्या इमारतीत राहतात. ज्यांच्या बापाने तालुक्याला मीठ खाऊ घातलं, त्यांनी आमच्या ताटातलं मीठ काढायला निघावं, हा योग आमच्याच नशिबी यायचा होता.

याला आम्हीच कारण. दीड वर्षापूर्वी आम्ही रहिवाशांनी पार्किंगमध्ये रक्तदाब तपासायचं ठरवलं. शेजारच्या गल्लीतल्या डॉक्टरीणबाई आल्या. सुरुवातीचे आकडे पाहून त्यांना यंत्र बिघडलंय असं वाटलं आणि त्यांनी दुसरं मागवलं. यंत्र ठीक होतं, आम्ही बिघडलो होतो. मग समिती झाली. सकाळच्या फेऱ्या सुरू झाल्या, वर्गणीतून घेतलेलं यंत्र वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवलं, आकडे सांभाळायचं काम माझ्याकडे आलं. मीठ कमी करा, असं डॉक्टरीणबाई जाता जाता म्हणाल्या. ते खातं हिराजीशेठनी कुणाला न विचारता घेतलं.

संध्याकाळी सव्वासातच्या सुमारास ते घरातून निघत. खिशात रुमालात गुंडाळलेला स्वतःचा स्टीलचा चमचा. बेल वाजवायची, "वयनी, मीठ बगू," म्हणायचं आणि थेट ओट्यापाशी. कढईतलं चमचाभर हातावर घेत, डोळे मिटत आणि निकाल देत. "बरा हाय, अजून कमी चालंल." किंवा, "ही आमटी हाय का भरतीचा पानी?"

मी हिशेबी माणूस. एकदा म्हटलं, "शेठ, चिमूट चिमूट काय करता? ग्रॅममध्ये सांगा."

"चिमूट म्हंजे चिमूट."

"माझी की तुमची?"

त्यांनी माझा हात धरून बोटं तपासली. "सामंतसायेब, तुमची नको. तुमची बोटा लेखनीची हायेत, त्यात मीठ र्‍हात नाय. वयनींची धरा."

दुसऱ्या मजल्यावर मुलीला बघायला पाहुणे आले होते तेव्हाही वेळ सव्वासातचीच होती. शेठ आत गेले, पोहे चाखले आणि बाहेर येऊन मुलाच्या वडिलांना म्हणाले, "पावनं, पोरगी सोन्यासारखी हाय, पोह्यान मीठ जास्त हाय. तुमचा बीपी किती?" लग्न ठरलं. मुलाचे वडील आता गोळी घेतात. पण मुलीच्या आईने शेठना अजून माफ केलेलं नाही.

तळमजल्यावरच्या मुकादम चाचींना एकट्यांना त्यांचा त्रास नव्हता. रमझानात शेठ नेमके रोजा सोडायच्या वेळेला पोचले, तेव्हा चाची म्हणाल्या, "हिराजीभाई, खजुरात मीठ नसतं. बसा आणि खा." आणि ते खरोखरच बसले. चमचा खिशातून काढला नाही.

माझा स्वतःचा रक्तदाब या काळात उतरला, हे नोंदवणं भाग आहे. तो फेऱ्यांमुळे उतरला असं माझं मत आहे.

असो. सव्वीस जानेवारीचा मसालेभात लोकांनी ताटात टाकला. संध्याकाळी समिती बसली. देशमुखांनी ठराव मांडला की यापुढे हिराजीशेठनी कुणाच्या घरी मीठ बघायला जाऊ नये. मीही हात वर केला. आळणी भात खाल्लेल्या माणसाकडून दुसरी अपेक्षा नव्हती.

शेठनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सैपाकघरान येऊ नको, का घरान येऊ नको?"

देशमुख म्हणाले, "दोन्ही एकच."

"बरा," म्हणाले आणि जिना चढून गेले.

पुढचे दोन आठवडे इमारतीत शांतता होती. आमच्याकडे आमटीला चव आली, लोणच्याची बरणी माळ्यावरून खाली आली. फक्त सव्वासात झाले की बायको दाराकडे बघायची आणि मग स्वतःच चमचा तोंडाला लावून म्हणायची, "मला आता कळेनासंच झालंय, कमी की जास्त."

फेब्रुवारीच्या तपासणीला शेठ आले नाहीत. माझ्या तक्त्यात त्यांची जागा रिकामी राहिली, ती मला खपत नाही, म्हणून यंत्र घेऊन मी वर गेलो. दार उघडंच होतं. ओटा लख्ख पुसलेला. शेगडीवर वर्तमानपत्र अंथरलेलं, त्यावर खाणावळीचा डबा, न उघडलेला.

"जेवला नाहीत?"

"जेवंन. डब्यान खोट नाय. मीठ बरोबर असतो."

मी पट्टा बांधला. ते भिंतीकडे बघत बोलू लागले. त्यांच्या बायकोची किडनी गेली तेव्हा तिला मीठ बंद झालं. शेवटची चार वर्षं ती आपलं आळणी वेगळं शिजवायची आणि यांचं नेहमीसारखं करायची. पण तिला ते चाखता येत नव्हतं. "मंग रोज दिवाबत्ती झाली का मना हाक मारायची. चमचा पुढं करायची. बगा, मीठ बरोबर हाय का. मी रोजच बरोबर हाय सांगायचो. कवा कवा खारट असायचा."

यंत्राने आकडा दाखवला. तो चांगला नव्हता. मी तो त्यांना सांगितला आणि तक्त्यात लिहिला.

"आता कोन इचारत नाय," ते म्हणाले. "म्हनून मीच इचारत फिरायचो."

खाली आल्यावर मी बायकोला सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिने दिवा लावला आणि जिन्यात उभी राहून तिसऱ्या मजल्याला ऐकू जाईल अशी हाक मारली, "शेठ, जरा खाली या. मीठ बघायचंय."

ते आले. बायकोने चमचा पुढे केला. त्यांनी डोळे मिटले, बराच वेळ मिटून ठेवले आणि मग म्हणाले, "जास्त हाय." आमटीत पाणी ओतलं गेलं. ती पातळ, बेचव आमटी आम्ही तिघांनी खाल्ली.

ठराव इतिवृत्तात अजून तसाच आहे. आमच्यानंतर देशमुखांच्या बायकोनेच तो सगळ्यांत आधी मोडला. शेठचा जाच पूर्ववत सुरू आहे, आमची बरणी पुन्हा माळ्यावर गेली आहे आणि बुधवारी ते आमच्याकडेच जेवतात. इतर दिवशी कुठे ना कुठे त्यांचं पान असतं. एक मार्चला त्यांनी खाणावळीच्या बाईंना फेब्रुवारीचे अठराशे रुपये चुकते केले, त्यांच्या हातच्या मिठाची तारीफ केली आणि रात्रीचा डबा बंद केला.