बुरुजावरील 'नाही' सोडविल्याची हकीकत

श्री. समुद्रतीरीं, जेथे मागील महायुद्धीं तोफा मांडिल्या, आणि शत्रू आलाच नाही म्हणोन त्या उचलोन नेल्या, आणि काँक्रीटचे बुरुज खेकड्यांचे हवालीं जाहले, तेथे कोण प्रसंग गुजरला, तो यथास्थित लिहविला ऐसा जे :

राजमान्य राजश्री प्लंबरराव, गळक्या नळांचे कर्दनकाळ, यांणी लग्नापूर्वी एके बुरुजावर तांबड्या ऑइलपेंटाने प्रतिज्ञा लिहिली होती, "मी तुझ्याशिवाय राहणार नाही." पुढे लग्न जाहले, संसार जाहला, आणि मग एके रविवारीं बाईसाहेब आणि त्यांच्या वडील भगिनी यांसहवर्तमान राव तिकडे हवा खावयास गेले आणि मोठ्या दिमाखाने बुरुज दाखविला, तों काय नवल वर्तले! खाऱ्या वाऱ्याने आणि शेवाळाने दगा करोन 'नाही' गिळंकृत केले, आणि भिंतीवर ठळक उरले ते इतकेच : "मी तुझ्याशिवाय राहणार."

वडील भगिनी वदल्या, "अगं, ह्यांनी तर आधीच कळवलं होतं!" आणि बाईसाहेबांची खप्पा मर्जी जाहली. रावांनी शपथा घेतल्या, एक लागू पडेना. "राहा मग!" ऐसा हुकूम फर्मावोन बाईसाहेब कूच करोन भगिनीचे घरीं मुक्कामास गेल्या.

राव एकटे पडले. कुकराचे शिट्टीस दचको लागले, आणि लोकांचे नळ बंद करितां करितां स्वतःचे डोळे गळो लागले. मग बाईसाहेबांचे बंधू, म्हणजे मेहुणेसाहेब, यांशी मसलत करोन, शिडी, रंगाचा डबा आणि तारेचा ब्रश घेऊन उभयतांची फौज बुरुजाखालीं दाखल जाहली, तों पहारेकरी शिटी फुंकीत धावोन आला.

"इथे लिहायला बंदी आहे!"

"लिहीत नाही हो, नुसतं घासतो," राव काकुळतीस आले. "बायको गेली माझी!"

पहारेकरी संसारी माणूस. त्याने भिंत वाचिली. "हे वाचून कोणाचीही जाईल," म्हणोन घासण्याचा परवाना दिधला.

मग रावांनी शर्थ केली. शेवाळ उडाले, मिठाचे पापुद्रे पडले, आणि 'ना' दिसो लागला. मेहुण्यांनी फोन करोन बहिणींस पाचारिले, त्या येतात तों 'ही'देखील मोकळा जाहला, आणि बाईसाहेबांचा राग निम्मा उतरला. तेथेच थांबावे, परंतु मेहुण्यांस वीरश्री संचरली, आणि त्यांणी खालची ओळही घासोन काढिली. तीत बारीक अक्षरीं : "(आई हो म्हणाली तर.)"

मेहुण्यांनी घाईने ओळीस पाठ टेकविली, परंतु बाईसाहेबांनी वाचिलेच होते.

"आणि सासूबाई हो म्हणाल्या नसत्या तर?" बाईसाहेबांनी पुसिले.

"तर अजून तिच्या पाया पडत बसलो असतो," राव खरे तेच बोलिले.

बाईसाहेब ऐशा हसल्या की बुरुजावरील पाखरे उडाली.

येणेप्रमाणे बुरुज फत्ते जाहला. जखमी, रावांची बोटे आणि वडील भगिनींचा तोरा. तह ऐसा ठरला की वरली ओळ रावांनी दरसाल घासावी, आणि सासूबाई तिकडे फिरावयास निघाल्याच, तर खालच्या ओळीवर मेहुण्यांनी ओली वाळू थापावी. बाईसाहेब शिडीचे एक टोक धरोन घरीं आल्या. थोर यश आले. लिहिण्यांत अधिकउणे असेल, ते समुद्राने पुसावे.