लाल गोल, हिरवं सासर

मी व्यावसायिक पैजदार व्हायचं ठरवलं, ते मुख्यतः झोप पुरी व्हावी म्हणून.

तोवर मी कॅसाब्लांकातल्या एका कॉल सेंटरमध्ये ज्याँ-पॉल होतो. घरी नौफल, कामावर ज्याँ-पॉल. दिवसभर फ्रान्समधल्या म्हाताऱ्यांना फोन करून गाद्या विकायच्या. ते म्हणायचे, "अरे, आता या वयात नवी गादी घेऊन काय करू?" मी म्हणायचो, "झोपा, मस्यू." आणि मलाच जांभई यायची. शेवटी एका जांभईची ध्वनिफीत साहेबांनी मला ऐकवली. मी राजीनामा दिला. त्यांनी तो इतक्या चटकन घेतला, की मला जरा वाईटच वाटलं.

"पैज लावणारे सगळेच असतात रे," रेदवान म्हणाला. रेदवान हा माझा मित्र आणि या धंद्यातला माझा गुरू. कोपऱ्यावरच्या कॅफेत तो कैक वर्षं व्यावसायिक म्हणून बसतोय. "पण व्यावसायिकाला काळीज नसतं! त्याला फक्त हिशोब असतो!"

त्याच्या चहाचे पैसे नेहमी दुसरंच कुणीतरी देतं, यावरून मला काही गोष्टी तेव्हाच कळायला हव्या होत्या.

माझी पहिली व्यावसायिक पैज शहरातल्या दोन फुटबॉल संघांच्या सामन्यावर होती. आमच्या शहरात माणसं दोनच प्रकारची, हिरवी आणि लाल. मी जन्माने हिरवा. माझा बाप हिरवा, आमची मांजरसुद्धा लाल गालिच्यावर बसत नाही. पण हिशोब सांगत होता की हिरव्यांचा गोलरक्षक जायबंदी आहे आणि लाल जिंकणार. भावही झकास होता. मी काळीज बाजूला ठेवलं, आणि आईने इब्तिसामच्या अंगठीसाठी दिलेले सगळे दिरहम लालवर लावले. लाल जिंकले की अंगठी येणार, शिवाय जरा जाडसर येणार!

इब्तिसाम ही त्या अंगठीची मालकीण. म्हणजे व्हायची होती. तिला मागणी घालायला आम्ही सामन्याच्याच रविवारी जाणार होतो.

"संध्याकाळी या," तिचे वडील हाज बूशाईब फोनवर म्हणाले. ते चामडी सपातांचे व्यापारी, राहायला दर्ब सुलतानात. त्या वस्तीत टोमॅटोसुद्धा कच्चे खातात, हिरवे असतात तोवर. "मुलाने माझ्याबरोबर सामना बघावा. माणूस कसा आहे हे मला चहा पिताना कळत नाही, सामन्यात कळतं."

जिना चढताना आईने मला बजावलं. एका हातात मागणीला न्यायचा साखरेचा उंच सुळका, दुसऱ्या हातात माझा कान.

"आम्ही बायका आतल्या खोलीत असणार. हाजने होकार दिला की तू मोठ्याने 'अल्हमदुलिल्लाह' म्हण. लगेच आम्ही झगारित करू. तोवर गप्प राहायचं! कळलं?"

झगारित म्हणजे जीभ हलवून बायका जो आनंदाचा लांबलचक चीत्कार करतात तो. आईबरोबर माझ्या दोन मावश्या होत्या. त्या दोघींनी एकदा चीत्कार केला होता तेव्हा बंदरातली बोट लवकर सुटली होती.

हाजच्या बैठकीत हिरवे तक्के, हिरवे पडदे आणि एका पिंजऱ्यात अत्यंत दमलेला हिरवा पोपट होता. मला तो लगेच जवळचा वाटला. बाहेर खिडक्या सताड उघड्या, सगळी वस्ती टीव्हीसमोर.

"काय करतोस, पोरा?" हाजने पुदिन्याचा चहा उंचावरून ओतत विचारलं.

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. मी उत्तर पाठ केलं होतं. "अंदाज वर्तवतो, हाजसाहेब."

हाजचा हात थांबला. चहा मात्र थांबला नाही.

"हवामान खात्यात? सरकारी?"

आता यावर माणसाने काय बोलावं? नाही म्हटलं तर पुढे आणखी प्रश्न. मी इतका थकलो होतो की मी फक्त मान हलवली. ती नेमकी कुठल्या दिशेने हलली ते माझ्याही ध्यानात नाही. हाजला ती उभी दिसली.

"अरे वा! मग हे सांग, पाऊस कधी? गावाकडे, दुक्कालात, गव्हाचं बी पेरायचं तसंच पडून आहे!"

"बघून सांगतो," मी म्हणालो. तेवढ्यात सामना सुरू झाला म्हणून वाचलो.

पुढचा तासभर मी जगातला सगळ्यात दुःखी दिसणारा माणूस होतो. हिरवे चढाईला गेले की मी "शाब्बास!" ओरडायचो आणि मनात अंगठी बारीक व्हायची. लाल चढाईला गेले की कपाळावर हात मारायचो आणि मनातल्या मनात पेढे वाटायचो. हाज माझ्याकडे कौतुकाने बघत होते. "किती जिवाला लावून घेतोस रे!"

सामना संपत आला. लालचा एक पोरगेलासा खेळाडू चेंडू घेऊन सुटला. जायबंदी गोलरक्षकाच्या जागी आलेला भिडू भलतीकडेच उडी मारून पडला. गोल!

सगळं दर्ब सुलतान मुकं झालं. हॉर्न थांबले, कुत्री थांबली. आणि त्या स्मशानशांततेत, देवाशप्पथ माझी इच्छा नसताना, माझ्या तोंडून निघालं:

"अल्हमदुलिल्लाह!"

"यूयूयूयूयूयू!" आतून आईने सुरुवात केली. मग मावश्या सुटल्या. पडदे हलले. पोपट खाली पडला.

खाली गल्लीतून कुणीतरी ओरडलं, "कोण आनंद करतंय रे लालच्या गोलचा?"

"तिसरा मजला! हाज बूशाईबचं घर!"

"हाज? अहो, लाज वाटते का?"

"एवढी वर्षं सामन्याला आमच्यात बसून सूर्यफुलाच्या बिया खात होता!"

जिन्यात पावलं वाजू लागली. हाज पांढरेफटक पडले. हिरव्या पडद्यांपुढे ते फारच उठून दिसत होतं. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा आतल्या खोलीकडे. मग माझं मनगट धरून मला बाल्कनीत ओढलं.

"अरे गाढवांनो! पोरीचं लग्न ठरलंय माझ्या! हा बघा जावई! हात हलव रे!"

मी हात हलवला. होकार मिळाला होता, पण तो मला नाही, जमावाला.

"नेमकं आत्ताच ठरलं?" खालून एक संशयी आवाज.

"मग काय गोल विचारून ठरवू? सरकारी जावई आहे, हवामान खात्यातला!"

जमावाचा सूरच बदलला. "हवामान? ओ जावईबापू, पाऊस कधी?"

मला फक्त आत जाऊन बसायचं होतं. "गुरुवारी," मी म्हणालो.

आणि मागे टीव्हीवर हिरव्यांनी गोल फेडला! अख्खी वस्ती फुटली. शिट्टी वाजली, सामना बरोबरीत सुटला. हाजने माझ्या कपाळाचे पटापट मुके घेतले. "पायगुण! पोराचा पायगुण बघा!"

बरोबरी म्हणजे लालवरची पैज बुडाली. आईने अंगठीसाठी दिलेले दिरहम कुठल्या पायगुणाने गेले, ते मी कुणाला विचारणार?

इब्तिसाम बदामाच्या करंज्यांचं ताट घेऊन आली. ताट माझ्यापुढे धरून हळूच म्हणाली, "किती लावले होतेस लालवर?"

"कोण म्हणतं?"

"हवामान खात्यातला माणूस लालच्या गोलला अल्हमदुलिल्लाह म्हणत नाही. अंगठी गेली ना?"

मी करंजी तोंडात कोंबली.

"सोमवारी गाद्या विकायला जायचं. अंगठी झाल्याशिवाय साखरपुडा नाही. आणि गुरुवारी पाऊस पडला नाही, तर बाबांना खरं काय ते तूच सांगायचं. मी मध्ये पडणार नाही."

हाज तेव्हा फोनवर गावाला सांगत होते, "पेरून टाका! आतली बातमी आहे!"

सोमवारी साहेबांनी मला परत घेतलं. जांभयांचा पगार कापणार म्हणाले. सगळा आठवडा मी म्हाताऱ्यांना गाद्या विकल्या आणि खिडकीतून आकाश बघितलं. रेदवानला विचारलं, पावसावर भाव काय चाललाय? तो म्हणाला, "तुला काळीज फुटलंय. तू धंद्यातून गेलास."

गुरुवारी सकाळपासून असं कडकडीत ऊन पडलं, की दर्ब सुलतानातल्या सगळ्या गच्च्यांवर चादरी तासाभरात वाळल्या. संध्याकाळी मी हाजच्या दुकानात गेलो. इब्तिसाम दारात उभी होती. मी घसा साफ केला.

"हाजसाहेब, मला तुम्हाला एक सांगायचंय. तो पाऊस..."

"काही सांगू नकोस!" हाजने मला पोटाशी धरलं. "खरं सांगतो, रविवारी मला जरा शंका होती. म्हटलं पोरगं थापा मारत असेल. पण आज ऊन बघितलं आणि खात्रीच पटली. खात्याचा अंदाज कधी खरा ठरलाय? खातं म्हणजे खातंच!"

आता लग्नाचा मुहूर्तही मलाच विचारून ठरणार आहे. मी पाऊस सांगेन त्या दिवशी नक्की ऊन पडतं म्हणून, तोच दिवस धरून.