घरगाडीचा मुका रेडिओ

डॉक्टरांच्या घरगाडीतला रेडिओ एका रविवारी सकाळी वारला. वय झालं होतं. आधी काही दिवस घशात खरखर होती, मग आवाज बसला आणि त्या सकाळी बटण पिळल्यावर आतून फक्त एक उसासा आला, तोही जळक्या रबराच्या वासाचा. घरात कोणी रडलं नाही. फक्त आई म्हणाली, "झालं! आता मला ही गाडी काय न् माझी खाट काय, दोन्ही सारखंच."

डॉक्टर म्हणजे दातांचे. घरगाडी त्यांना काकांकडून मिळालेली. काकांनी लग्न केलं नाही. जो काही संसार केला तो या गाडीतच. मागे दोन खाटा, मध्ये एका शेगडीचा ओटा, हात बुडतील एवढं बेसिन, खिडक्यांना नारिंगी पडदे आणि पुढे डॅशबोर्डच्या पत्र्यात बसवलेला दोन गोल बटणांचा रेडिओ. गाडी डॉक्टरांपेक्षा वयाने थोडी लहान आणि तब्येतीने बरीच बरी होती.

आईची नजर हळूहळू गेली होती. इतरांना खिडकीतून डोंगर दिसायचे, नदी दिसायची. आईला उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. तिचा सगळा प्रवास कानांनी व्हायचा. समुद्रकाठी तिची धाकटी बहीण राहत होती. तिला भेटायला घरगाडीतून, गाणी ऐकत जायचं, एवढीच तिची इच्छा होती. डॉक्टरांनी ती कधीच नाकारली नव्हती. ते दर वेळी "पुढच्या सुट्टीत" म्हणत. या वेळी मात्र सुट्टी ठरली होती, आईची बॅगही भरून झाली होती, आणि नेमका रेडिओ गेला.

गाड्यांचा वायरमन आला. त्याने वाकून पाहिलं आणि म्हणाला, "जुना काढतो, नवा टाकतो. चहा होईपर्यंत काम होईल. नवा जरा रुंद असतो, म्हणून पत्रा दोन बोटं कापावा लागेल."

"कापायचा?" डॉक्टर दचकले.

"रोज लोकांच्या हिरड्या चिरता की," त्यांची बायको म्हणाली. "तेव्हा नाही हात थरथरत."

"हिरडी भरून येते," डॉक्टर गंभीरपणे म्हणाले. "पत्रा भरून येत नाही."

हा शास्त्रार्थ चालू असताना गालाला हात लावून अध्यक्ष फाटकातून आत आले. ते पुरातन वाहन संवर्धन मंडळाचे अध्यक्ष. आठवड्याचे सहा दिवस ते नव्या गाड्यांची शोरूम चालवत आणि तीन वर्षांपूर्वीची गाडी म्हणजे निव्वळ भंगार, हे गिऱ्हाइकांच्या गळी उतरवत. सातव्या दिवशी ते जुन्या गाड्यांसाठी हळहळत. त्या रविवारी त्यांची दाढ ठणकत होती. पण वायरमनच्या हातातलं कापायचं पातं पाहिलं आणि ते दाढ विसरले.

"थांबा! डॉक्टर, काय करताय हे कळतंय का तुम्हाला? हा मूळ रेडिओ आहे!"

"बंद पडलाय."

"असेल बंद. पण मूळ बंद आहे!" अध्यक्षांनी गालावरचा हात काढून छातीवर ठेवला. "वाजणारा रेडिओ काय, कोणीही आणून बसवेल. असा न वाजणारा तुम्हाला अख्ख्या शहरात दाखवता येणार नाही."

तोवर शेजारीपाजारी घरगाडीला 'डबा' म्हणत असत. अध्यक्षांनी तिला 'वारसा' म्हटलं. माणसाच्या मनाला एवढं पुरतं. डॉक्टरांनी वायरमनला चहा पाजून परत पाठवलं. आठवडाभर ते दवाखान्यात पेशंटची दाढ कोरता कोरता अस्सलपणाचं महत्त्व समजावून देत राहिले. पेशंटांची तोंडं उघडीच असल्यामुळे कोणी विरोध केला नाही, आणि डॉक्टरांना वाटलं, समाजात याबद्दल एकमत आहे.

मग मंडळाची तपासणी समिती आली. ती अध्यक्षांच्या नव्याकोऱ्या गाडीतून आली, आणि त्या गाडीत परातीएवढ्या पडद्यावर गाणी चालू होती. समितीने घरगाडीला तात्पुरता 'अस्सल दर्जा' दिला आणि डॉक्टरांना मंडळाचं सभासद करून घेतलं. कायमचा दर्जा आणि पितळी पाटी प्रदर्शनाच्या दिवशी मिळणार होती, अर्थात मधल्या काळात मूळ स्थितीला धक्का लागला नाही तर.

"म्हणजे आतली जळालेली तारसुद्धा बदलायची नाही?" डॉक्टरांनी विचारलं.

"तार बदलली तर तो दुरुस्त रेडिओ होईल," अध्यक्षांनी समजावलं. "आणि मूळ रेडिओ तर नादुरुस्त आहे."

हे डॉक्टरांना पटलं. त्यांच्या बायकोला पटलं नाही. ती म्हणाली, "राहू दे तो तिथे. आईंच्या मांडीवर एक छोटा रेडिओ ठेवू."

समितीने बाजूला जाऊन विचारविनिमय केला. "प्रवाशाच्या मांडीवरची वस्तू ही वाहनाच्या अंतर्भागात मोडते," अध्यक्षांनी निर्णय दिला.

"मग कानात घालू."

"कान प्रवाशाचा, वहिनी. पण प्रवासी वाहनात."

"बरं. मग समुद्रापर्यंत आम्ही गप्प बसून जाऊ."

"समुद्रापर्यंत?" समितीचे सगळे चेहरे एकदम पडले. "म्हणजे तुम्ही गाडी चालवणार? चाकं झिजतील, इंजिन तापेल, काचेवर खडा उडेल. चालणं हे या वाहनाच्या आयुष्यातलं एक पर्व होतं. ते आता पूर्ण झालं."

"न चालणाऱ्या गाडीला गाडी तरी का म्हणायचं मग?"

"तेच तर सांगतोय," अध्यक्ष प्रसन्न झाले. "वारसा म्हणा."

सुट्टी पुढे गेली. आईने बॅग मात्र रिकामी केली नाही. ती रोज दुपारी भिंतीला हात लावत अंगणात जायची, घरगाडीत पुढच्या सीटवर बसायची आणि ते मुकं बटण पिळून पाहायची. सुनेने हे काही दिवस पाहिलं. मग एका सकाळी डॉक्टर दवाखान्यात गेल्याबरोबर तिने वायरमनला बोलावलं. चहा होईपर्यंत काम झालं.

संध्याकाळी डॉक्टर घरी आले तर अंगणात गाणं चालू होतं. आई सीटवर ताठ बसली होती आणि डॅशबोर्डवर बोटांनी ताल धरत होती.

"कोण? तू होय? ये, बस," ती म्हणाली. "तुझा काका असाच मोठ्याने लावायचा. मी ओरडायचे, आणि मग तो आणखी मोठा करायचा."

डॉक्टर शेजारी बसले. आईच्या तोंडावर इतका उजेड त्यांनी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. एक गाणं संपेपर्यंत ते ना वारसदार होते ना मंडळाचे सभासद, नुसते मुलगा होते. दुसरं गाणं सुरू झालं आणि त्यांचा फोन वाजला.

"डॉक्टर, उद्या प्रदर्शन. पहिल्या क्रमांकासाठी तुमचंच नाव चर्चेत आहे," पलीकडून अध्यक्ष म्हणाले. "मागे गाणं कसलं ऐकू येतंय?"

"शेजाऱ्यांचं," डॉक्टर म्हणाले आणि रेडिओ बंद केला.

"वायरमनला बोलवून घे," त्यांनी बायकोला सांगितलं.

"वायरमन कशाला? उपटायची सवय तुम्हालाच आहे."

तेही खरंच होतं. डॉक्टरांनी दवाखान्यातली पक्कड आणली आणि निरोगी रेडिओ मुळासकट काढला. त्या जागी जुना, मेलेला बसवला. कापलेल्या पत्र्याची फट दातात भरायच्या सिमेंटने भरून काढली, घासून गुळगुळीत केली, वर रंग दिला. त्यांच्या कारकिर्दीतलं ते सर्वांत सुबक काम होतं.

सकाळी घरगाडी मैदानावर न्यायला मालट्रक आला. चाकं झिजू नयेत म्हणून वारसा ट्रकवर चढवून न्यायचा होता. डॉक्टर गाडीचं दार लावायला गेले तर आत आई बसलेली, मांडीवर बॅग.

"निघालो का रे?" तिने विचारलं.

खरं सांगायला वेळ लागला असता आणि ट्रकवाला घाई करत होता. "निघालो," डॉक्टर म्हणाले.

ते तिच्या शेजारी बसले आणि ट्रक हलला. खाली रस्ता लागत होता, खड्डे लागत होते, खिडकीतून वारा येत होता. आईने डोळे मिटून घेतले. थोड्या वेळाने तिने विचारलं, "रेडिओ लाव ना. काल तर छान चालत होता."

"घाटात लागत नाही, आई," डॉक्टर म्हणाले. ट्रक तेव्हा भाजी मंडईसमोरच्या सिग्नलला उभा होता.

मैदानावर घरगाडी खाली उतरवली गेली. समिती आली, वाकली, हुंगली. सिमेंट कोणाच्याही लक्षात आलं नाही. पण पुढच्या सीटवर बसलेली आई सगळ्यांच्या लक्षात आली. डॉक्टर गडबडीने म्हणाले, "उतरवतो हिला, एक मिनिट—"

"खबरदार!" अध्यक्ष म्हणाले. "अहो, काय दृष्टी आहे तुमची! त्या काळचं वाहन, त्या काळचा रेडिओ आणि त्या काळची प्रवासी! याला आम्ही सजीव अंतर्भाग म्हणतो. आजवर कोणाला सुचलं नव्हतं." मग समितीने अंतर्भागाचीही तपासणी केली. चष्मा जुना निघाला. शाल जुनी निघाली. केस आपोआप पांढरे झालेले असल्याने मान्य झाले.

"आणि दात?" एका सभासदाने शंका काढली.

"कवळी आहे," डॉक्टर अभिमानाने म्हणाले. "गेल्याच वर्षी मी स्वतः बसवली."

समितीत कुजबुज झाली. अध्यक्षांनी डॉक्टरांच्या खांद्यावर हात ठेवला. "वाईट वाटतं सांगायला. पण गेल्या वर्षीचा सुटा भाग..."

डॉक्टरांनी क्षणभर विचार केला. नंतर त्या क्षणाबद्दल ते अनेकदा बोलले. विचार केला होता, हे ते आवर्जून सांगत. मग ते वाकले, "आई, आ कर," म्हणाले आणि कवळी काढून मागून रिक्षाने आलेल्या बायकोच्या हातात दिली. तिने ती रुमालात गुंडाळली. मग आईच्या मांडीवरची बॅग उचलून आपल्याकडे घेतली, पण डॉक्टरांचं तिकडे ध्यान नव्हतं.

मैदानाची दारं उघडली आणि माणसं लोटली. दोन्ही बाजूंनी गर्दी चढत गेली, ओसरत गेली, पुन्हा चढत गेली. पोरांनी खिडकीतून हात घालून आईच्या गालाला बोट लावून पाहिलं. बायामाणसांनी तिच्या शेजारी तोंड घालून फोटो काढले. "किती जिवंत वाटते हो!" असं एकाने कौतुकाने म्हटलं. आई कान देऊन ऐकत होती. डॉक्टर खिडकीपाशी आल्यावर तिने बोळक्या तोंडाने विचारलं, "लाटा ना रे?"

डॉक्टरांनी इकडेतिकडे पाहिलं. पितळी पाटी टेबलावर चकाकत होती.

"हो, आई," ते म्हणाले.

घरगाडीला पहिला क्रमांक मिळाला. पाहुण्यांनी भाषणात सांगितलं की आजच्या पिढीला जुन्याची कदर नाही, डॉक्टरांसारखी माणसं विरळा. टाळ्या झाल्या. मग माईक आईच्या तोंडाशी धरला गेला. ती काहीतरी बोलली. दात नसल्याने कोणाला कळलं नाही. "आशीर्वाद दिला!" असं अध्यक्षांनी जाहीर केलं आणि पुन्हा टाळ्या झाल्या.

सुनेला मात्र कळलं होतं. टाळ्या चालू असतानाच ती गाडीत चढली. तिने कवळी पाण्याने विसळली आणि आईच्या तोंडात बसवली. "चला, आई," ती म्हणाली. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात सासू, अशी ती गर्दीतून वाट काढत स्टँडवर गेली. समुद्राकडे जाणारी जी बस मिळाली ती साधी होती. पत्रा खडखडत होता, डॅशबोर्ड प्लास्टिकचा होता, सीटचा कापूस बाहेर आला होता, आणि ड्रायव्हरने रेडिओ इतका मोठ्याने लावला होता की मागच्या बाकावरचं मूल रडत होतं तेही ऐकू येत नव्हतं. आई पहिल्या बाकावर बसून सगळा रस्ता गात गेली.

दोन-तीन दिवसांनी डॉक्टरांना आईचा फोन आला. मागून गडगडाट ऐकू येत होता.

"ऐकतोयस ना?" ती म्हणाली. "ह्या लाटा. त्या दिवशीची माणसं होती, मला कळलं होतं. तू एवढा आनंदात होतास, म्हणून म्हटलं, कशाला बोला."

डॉक्टरांनी फोन कानाशी घट्ट धरला. "परत कधी येतेस?" त्यांनी विचारलं.

"बघू," आई म्हणाली. "पुढच्या सुट्टीत." आणि तिने फोन ठेवला.

घरगाडी आता मंडळाच्या दालनात काचेआड उभी आहे. पाटी आहे, पडदे आहेत, मुका रेडिओ आहे. पण पुढची सीट रिकामी राहिल्याने अस्सलपणात त्रुटी निर्माण झाली, आणि दर्जा टिकवायचा तर जागा भरणं भाग होतं. म्हणून मंडळाने जाहीर आवाहन केलं: वयस्कर, शक्यतो कमी दिसणारी, एका जागी बसून राहणारी आई पाहिजे, कुठे न्या म्हणून हट्ट करणारी नको, दात नसल्यास प्राधान्य, जेवणाची सोय मंडळ करील, घरच्यांनी अधूनमधून येऊन फोटो काढण्यास हरकत नाही.

अध्यक्षांना धाकधूक होती की कोण आपली आई देणार. पण जागा एक आणि विचारणा इतक्या आल्या की मंडळाला फोन बंद ठेवावा लागला. तेव्हा तुम्हीही फोन लावून पाहिला असेल आणि लागला नसेल, तर मनाला लावून घेऊ नका. पुढच्या वर्षी मंडळ जुन्या बसचं प्रदर्शन भरवणार आहे. तिच्यात सीट बऱ्याच आहेत.