चादरीचं शीड

पंखा पाचावर होता. घडी घालून जमिनीवर आडव्या टाकलेल्या इस्त्रीच्या टेबलावर जावईबापू उभे होते. हातात फरशी पुसायच्या दांड्याला बांधलेली चादर. हे त्यांचं शीड.

विंडसर्फिंगमध्ये वारा पाठीवर घेऊन फळी वळवायची आणि त्याच दमात शीड पलटायचं, याला जाइब म्हणतात. जावईबापूंचं वळण मात्र दरवेळी पाण्यात संपायचं. "दादा, उद्याही पडलात तर पोरांच्या बॅचला, गुडघाभर पाण्यात!" प्रशिक्षकाने बजावलं होतं. "पायाकडे बघू नका. जायचं तिकडे बघा!"

जावईबापूंनी खिडकीकडे बघितलं, वळले. चादर फुगली, दांडा पंख्यात गेला. टर्रर्र! चादरीवरच्या मोराचं डोकं एकीकडे, पिसारा दुसरीकडे.

जावईबापूंनी घाईघाईने पंखा बंद केला. सासूबाईंनी लेकीच्या लग्नासाठी स्वतः भरलेला मोर! आणि सकाळी त्याच येणार होत्या.

"अहो, चादर कुठंय?"

"धु... धुवायला दिली." ती होती गाडीच्या डिकीत, टॉवेलांखाली.

दुसऱ्या दिवशी सासूबाईही तळ्यावर आल्या. "बघू तरी, जावई पाण्यावर कसे चालतात ते!"

जावईबापू तळ्याच्या मध्यावर पोचले, तेव्हा बायकोने आईला बसायला काहीतरी हवं म्हणून डिकी उघडली.

जायचं तिकडे बघायचं, म्हणून त्यांनी काठाकडे बघितलं. फळी वाऱ्यासारखी तिकडेच निघाली होती. काठावर दोन्ही हातांत चादर पसरलेली, आणि मोराच्या तुटक्या मानेतून बाहेर आलेला सासूबाईंचा चेहरा!

"अगं आई गं!"

पाय कधी बदलले, शीड कधी पलटलं, त्यांचं त्यांनाच कळलं नाही. माहेरच्या वाटेला लागलेल्या लेकीसारखी फळी सरसर वळली.

"शाब्बास!" प्रशिक्षक नाचायलाच लागला. "दादा, केलंत काय नेमकं?"

"मी कुठं काय केलं? सासूबाई दिसल्या!"

पलीकडचा काठ आला, की परत फिरणं भाग होतं. इकडचा काठ आला, की सासूबाई होत्याच. एकामागून एक वळणं, एकाहून एक देखणी. पोरांची बॅच आ वासून बघत होती.

"आजी, पुढच्या रविवारीही याल का हो?" प्रशिक्षकाने हात जोडले.

"येईन की."

"अहो, या आता बाहेर!" बायको ओरडली.

"अजून थोडा सराव करतो!"

आणि वारा पडला. पाणी आरशासारखं निवांत झालं. शीड लुळं पडलं, आणि फळी आपली हळूहळू, हळूहळू काठाकडे सरकू लागली.

सासूबाईंनी पिशवीतून सुई काढली, हिरवा दोरा ओवला.

"या जावईबापू. पिसाऱ्यापासून सुरुवात करा."