सबनीसांचे शेवटचे चार कॅमेरे

गणपतीची आरती झाल्यावर सबनीसकाकांनी आपला कॅमेरा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "एवढा एक ग्रुप फोटो काढा. आज मीही येतो फोटोत." मी काढला. मग सवयीनं कॅमेरा उलटा करून फोटो कसा आलाय ते बघायला गेलो. मागे स्क्रीन नव्हता, नुसतं काळं झाकण. स्क्रीन झाकणाखाली असेल, म्हणून मी बाजूची खिट्टी सरकवून ते उघडलं. आत फिल्मचा रोल होता. म्हणजे, त्या क्षणापर्यंत होता. प्राणप्रतिष्ठेपासूनचे पस्तीस फोटो मी हॉलच्या ट्यूबलाइटला दाखवून टाकले.

काका ओरडले नाहीत. "मिटवा," म्हणाले. "सावकाश मिटवा. आता काही घाई नाही."

ही २००५ सालची गोष्ट. अमेरिकेतल्या आमच्या ईडन प्रेरी गावात तोवर घरोघरी डिजिटल कॅमेरे आले होते. सबनीसकाका इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले. घरी एकटं बसवत नाही म्हणून मॉलमधल्या कॅमेऱ्याच्या दुकानात काउंटरवर उभे राहायचे. पुढच्या शनिवारी मी तिथे गेलो. म्हटलं, प्रायश्चित्त म्हणून फिल्मचा नवा कॅमेरा विकत घ्यावा.

"तुम्हांला नाही द्यायचा," काका म्हणाले.

"अहो, पैसे देतोय की!"

"पैसे काय, कसायाकडेही असतात."

डिजिटल कॅमेरे हा माणूस भाजीसारखा विकायचा. हा घ्या, तोही ताजाच आहे. पण काचेच्या कपाटात फिल्मचे चार कॅमेरे उरले होते. कंपनी नवे पाठवत नव्हती, कारण गिऱ्हाईकं विचारत नव्हती. मॅनेजर डेबीनं बजावलं होतं, नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणापर्यंत विकले गेले तर ठीक, नाहीतर उरलेले गोदामात परत. कपाटात मेमरी कार्डं लावायची आहेत. काकांना एकही कॅमेरा गोदामात जाऊ द्यायचा नव्हता. आणि ऐऱ्यागैऱ्याच्या हाती तर त्याहून नव्हता. चार उपवर मुलींच्या बापासारखी त्यांची अवस्था झाली होती.

गिऱ्हाईक आलं की चौकशी सुरू. राहता कुठे? घरात माणसं किती? फोटो काढून दाखवणार कुणाला? एका डेंटिस्टला कॅमेरा शेल्फवर ठेवायला हवा होता. "सॉरी सर, दॅट वन इज रिझर्व्ह्‌ड," असं त्याला सांगून काका माझ्याकडे वळले, "शोभेला ठेवणार म्हणे. बाहुली आहे का ती?" दुसऱ्यानं आल्याआल्या मेगापिक्सेल विचारले. तो गेल्यावर काका म्हणाले, "पहिल्याच भेटीत पगार विचारतात का कुणी?" नागपूरहून शिकायला आलेला एक विद्यार्थी मात्र त्यांना फार आवडला होता. पण त्यालाही नकार. "मुलगा सोन्यासारखा हो. पण दर महिन्याला रोल कुठून आणेल? उपाशी ठेवील."

तरी तीन गेले. एक शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या बाईंकडे, एक पक्षी बघत हिंडणाऱ्या म्हाताऱ्याकडे आणि एक नर्सकडे. नर्सचे हात स्थिर होते म्हणे. "तिघी चांगल्या घरी पडल्या," काकांनी मला फोन करून सांगितलं.

थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी दुपारपासून बर्फ लागला. बर्फात काका गाडी चालवत नाहीत, म्हणून मी त्यांना न्यायला गेलो. चौथा कॅमेरा अजून कपाटातच होता आणि डेबी मेमरी कार्डांचा खोका घेऊन शेजारी उभी.

"काका, मला देऊन टाका की."

"त्यापेक्षा गोदाम परवडलं."

तेवढ्यात एक मुलगी आत आली. केस निळे, नाकात कडी. मागोमाग तिची पिशवी धरून एक मुलगा. तिनं थेट त्या कॅमेऱ्याकडे बोट दाखवलं. मी घड्याळाकडे बघितलं. म्हटलं, आता अर्धा तास चौकशी.

काकांनी काहीच विचारलं नाही. कॅमेरा काढून तिच्या हातात ठेवला, रोल घालायला शिकवला. ती दोनदा चुकली. ते थांबले. तिसऱ्यांदा जमलं.

"यू लाइक इट?" एवढंच त्यांनी विचारलं.

"आय लव्ह इट!"

कॅमेरा बांधून द्यायला त्यांनी जरा जास्तच वेळ लावला. पिशवीत आपल्या खिशातले दोन रोल टाकले. काही त्रास झाला तर इकडे घेऊन ये, म्हणाले.

गाडीत मी चिडवलं, "काय काका! डेंटिस्टला नाही म्हणालात आणि हिला दिलात? केस बघितलेत का?"

"बघितले," काका म्हणाले. "विचारणार होतो. पण तो मुलगा माझ्याकडे बघत होता हो. घाबरला होता."

वायपर दोनचारदा इकडून तिकडे गेला.

"चार वर्षांपूर्वी आमच्या मीनानं एक मुलगा घरी आणला होता. सोफ्यावर असाच घाबरून बसला होता. मी त्याला सतराशे प्रश्न विचारले. सगळ्यांची उत्तरं दिली त्यानं, नीट दिली. तरी मी नाही म्हणालो."

"का?"

"हो म्हटलं असतं तर ती गेली असती." ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "नाही म्हटलं, तरी गेलीच. सिअ‍ॅटलला असते. कोर्टात लग्न केलं. फोटो कुणी काढले, कोण जाणे."

मी हीटर वाढवला.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. पोळ्या लाटता लाटता तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सतराशे प्रश्न विचारले, आणि चार वर्षं झाली तरी अजून 'तो मुलगा'च? उद्या सुट्टी आहे, त्यांना जेवायला बोलवा. आधी जावयाचं नाव विचारते, मगच वाढते."